सेवा की वेठ?

बाळंतपणाच्या वेळी स्त्रीजवळ जाणते माणूस असावे, याविषयी कोणाचा वाद नाही. ते माणूस कोण असावे, त्याने कोठे राहावे, त्याच्या पोटापाण्याची तजवीज कोणी करावी, आणि ऐन वेळी ते आले नाही तर दोष कोणाच्या माथी द्यावा, हे प्रश्न निघाले म्हणजे मात्र मते पुष्कळ होतात. खेड्यांतील मंडळ्यांत हा विषय निघाला असता बोलणे बहुधा एकाच वाटेने जाते. नर्सबाई उपकेंद्रात मुक्कामास राहात नाही. डॉक्टर खेड्यात येण्यास राजी नाहीत. आशाताईही संपावर जाऊ लागल्या. एकंदरीत पूर्वीची सेवावृत्ती लोपली, असे म्हणून एक सुस्कारा टाकला की चर्चा आटोपते. या गाऱ्हाण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याच्या अंगी कला आहे त्यास "तू सेवा कर" असे सांगण्याचा अधिकार आपणांस केव्हा पोहोचतो, याचा विचार त्या सुस्काऱ्याच्या आधी व्हावयास पाहिजे. तो आज करावा असे आम्ही योजिले आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्याचीच गोष्ट घेऊ. या जिल्ह्याची दोन अंगे आहेत. निफाडकडे द्राक्षबागा, पक्क्या सडका व खासगी दवाखाने. आणि पश्चिमेस सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांतील डोंगरपट्टी, जेथे कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर, कातकरी हे लोक पाड्यापाड्यांनी विखरून राहतात. साऱ्या राज्यातील डॉक्टरांच्या व पदवीधर परिचारिकांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले, ते याच नाशिक शहरी. आणि याच जिल्ह्यात सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी २०२२ च्या अखेरीस, आम्हांस गुजरातेत घाला, अशी मागणी केली. रस्ता-पाण्याबरोबर दवाखान्याचेही दुःख त्यांनी त्या वेळी सांगितले. २०२३ च्या पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यातील एका वाडीस रस्ता नाही म्हणून एका गरोदर स्त्रीस पायी चालवीत न्यावे लागले, आणि ती दगावली. त्याच वर्षी त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कळा देणारी बाई पोहोचली, तो तेथे डॉक्टर नाही व परिचारिकाही नाही. अखेर तिच्या आईनेच लेकीचे बाळंतपण केले, असे वर्तमानपत्रांनी छापले. पहिल्या गोष्टीत रस्ता नव्हता. दुसरीत रस्ता होता, इमारत होती, दारावर पाटी होती. माणूस तेवढे नव्हते. आजचा आमचा विषय या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

सरकारने काहीच केले नाही असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. २००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत असत. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. सर्व भारताचा आकडा २५४ वरून ९७ झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातील शंभरांपैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. हे थोडे काम नव्हे, आणि ते ज्या बायकांच्या पायांनी झाले त्यांच्याविषयीच आम्ही लिहीत आहो. तथापि सरासरी ही सर्वांची मिळून असते. पाड्यावर अडलेल्या एका बाईस तिचा उपयोग नाही.

माणूसच का लागते, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला आणि उपाय झाला नाही, तर दोन तासांत प्राण जाऊ शकतो. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन वेळेवर देणे व गर्भाशय आकसून घट्ट होईपर्यंत पोट चोळणे, एवढे शिकलेल्या परिचारिकेस येते, आणि एवढ्याने पुष्कळ जीव वाचतात. झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मग बाईस पुढे पाठवावयाचे असते. परंतु मूल आडवे असले, किंवा वार खाली येऊन वाट अडली असली, तर शस्त्रक्रियेवाचून गती नाही. आणि शस्त्रक्रियेस स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारा डॉक्टर व रक्त ही तिन्ही एके ठिकाणी हवीत. त्यांतील एक नसले म्हणजे उरलेली दोन असून नसल्यासारखी. ग्रामीण आरोग्याच्या सरकारी आकडेवारीत २०२२ च्या मार्चअखेर देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, ज्यांस आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो, गरजेच्या मानाने स्त्रीरोगतज्ज्ञांची उणीव शंभरांत ७४ होती, व शल्यचिकित्सकांची ८३. मग पेठेची बाई सावळघाटातून नाशिकास आणावी लागते. १०८ क्रमांकाची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावू लागली, हे मोठे उपकाराचे काम झाले; पण वर सांगितलेले दोन तास गाडीत असतानाही सरतच असतात.

आता ज्या बाईवर आपला राग सर्वांत अधिक, त्या उपकेंद्रातील नर्सबाईकडे वळू. डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र आणि वीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. उपकेंद्रातील बाईचे सरकारी नाव आरोग्यसेविका. मुळात ती साहाय्यक परिचारिका व सुईण. प्रसूती हेच तिचे मुख्य काम. १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कर्मचारी करावे असे सुचविले, आणि १९७७ पासून तिचे शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आले. लसी टोचणे, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी बायका नेणे, तांबी बसविणे, गोळ्या वाटणे, साथीची खबर देणे, आणि या सर्वांच्या नोंदी लिहिणे, हे सारे तिच्याकडे आले. सुईणपण शिकण्यास वेळ कमी, आणि करण्यासही वेळ कमी. ती बाळंतपणात कच्ची आहे असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणि ती राहील कोठे? उपकेंद्राची खोली आमच्या वाचकांनी पाहिलेली नाही असे होणार नाही. छप्पर गळके, पाणी हापशावरचे, दाराची कडी सैल, दिवा कधी असतो कधी नसतो. मूल शाळेत जाण्याजोगे झाले की त्याची सोय तालुक्याच्या गावी. रात्री दार वाजले तर बाहेर कळवळून आलेला नवरा उभा आहे की पिऊन आलेला कोणी, हे आतल्या एकट्या बाईने कसे ओळखावे? दिवसा ज्या गावकऱ्यांनी तिला गावात घर भाड्याने देताना आधी जात विचारली, तेच रात्री ती जागेवर नाही म्हणून तक्रार लिहितात. असे असूनही जी पुरे वेतन घेते आणि सहीपुरतीच येते तिला आम्ही निर्दोष ठरवीत नाही. तिने पत्करलेले काम गावात असण्याचेच आहे. त्या वेतनातील मोठा भाग तिच्या हजेरीचा आहे, आणि हजेरी नसता तो घेणे प्रामाणिकपणाचे नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की तिचा दोष मोजणाऱ्या मापाने आपलाही मोजावा.

या कामाकडे आपल्या समाजाने कोणत्या दृष्टीने पाहिले, ते आठवले तर आजची टंचाई काही आकाशातून पडलेली नाही असे दिसून येईल. पूर्वी सुईण गल्लीतलीच असे, म्हणून अर्ध्या रात्री येई. तिला पायलीभर धान्य, एखादे लुगडे, खण-नारळ मिळे. मान मिळत नसे. बाळंतपणाचा विटाळ मानला जाई, आणि म्हणून नाळ कापण्याचे काम बहुधा तिच्याकडे जाई जिला एरवी उंबऱ्याच्या आत घेत नसत. मूल हातात घेण्यापुरती ती आत, मूल न्हाऊन झाले की बाहेर. पुढे परिचारिकेचा धंदा या देशात आला तेव्हा वरच्या घराण्यांनी आपल्या मुली त्यात घालण्याचे नाकारिले. यास्तव स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात या देशातील बहुसंख्य परिचारिका ख्रिस्ती होत्या, व मिशनच्या दवाखान्यांत तयार झालेल्या होत्या. आमच्या मंडळ्यांत अशी घरे आजही पुष्कळ आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. ज्या बापाची मुलगी नर्स होऊन मुंबईस किंवा आखाती देशात गेली, आणि तिच्या पैशाने ज्याच्या घरावर पत्रे आले, त्याने उपकेंद्रातील रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवावे काय? त्याने मुलीस परत बोलवावे असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या मुलीकडून त्यागाची अपेक्षा करताना त्याची जीभ थोडी अडखळावी, एवढेच म्हणतो.

डॉक्टरांविषयी थोडक्यात सांगतो. सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्याने एक वर्ष सरकारी दवाखान्यात सेवा करावी, नाही तर दंड भरावा, असा करार महाराष्ट्रात लिहून घेत आले, एम.बी.बी.एस. झालेल्यास हा दंड दहा लाखांचा ठरविला गेला. ज्याचे शिक्षण जनतेच्या पैशाने झाले त्याजकडून वर्षभराचे काम मागणे यास आम्ही वेठ म्हणणार नाही. ते सरळ सरळ देणे आहे. परंतु दंडाच्या भयाने आलेला मनुष्य दिवस मोजीत राहतो. ज्या वर्षी त्यास पाड्यांची नावे पाठ होतात, त्याच वर्षाच्या शेवटी तो निघून जातो. डोंगरपट्ट्यांतील भरारी पथकांच्या डॉक्टरांस तर सरकार मानसेवी म्हणत आले. मान म्हणजे आदर. पण या शब्दाचा सरकारी अर्थ असा की जागा कायमची नव्हे.

शब्दांची ही युक्ती आशाताईंच्या बाबतीत पूर्णत्वास गेली आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा गावातीलच एक स्त्री निवडून तिला गाव व दवाखाना यांमधील दुवा करावे असे ठरले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी तिचे नाव आशा झाले. तिला स्वयंसेविका म्हटले, कर्मचारी म्हटले नाही. तिला मिळते ते मानधन आणि मोबदला. वेतन हा शब्द तिच्या वाट्यास आला नाही, कारण वेतन म्हटले की भविष्यनिर्वाह निधी, रजा, निवृत्तिवेतन हे सर्व मागोमाग येते. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण महाराष्ट्रातील पात्र बाईस ७०० रुपये आणि तिला दवाखान्यात पोहोचविणाऱ्या आशाताईस ६०० रुपये ठरले. त्यांतील निम्मे गरोदरपणातील तपासण्या पुऱ्या करविल्याबद्दल, निम्मे बाळंतपण दवाखान्यात झाल्याबद्दल. आता पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीस उतरतात. सहा महिने जिच्या मागे आशाताई हिंडली ती बाई बागेवर बाळंत झाली, म्हणजे आशाताईचा हिशेब तुटला. स्वतः आशाताईस मात्र बागेवर जाता येत नाही, कारण तिचे रजिस्टर गावात. शेजारणी हंगामाची मजुरी बांधून आणितात, ती पाड्यावर उरलेल्या म्हाताऱ्यांस गोळ्या देत बसते. तिच्या सेवेची ही किंमत कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेली नाही.

२०२० च्या महामारीत घरोघर जाऊन ताप मोजणारी तीच होती. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सर्व आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. त्यापुढचे वर्ष संपण्याआधी महाराष्ट्रातील आशाताई व त्यांच्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. ऑक्टोबर २०२३ चा संप वाढीच्या आश्वासनावर मिटला. पण लेखी हुकूम निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, आणि मुंबईस आझाद मैदानात त्या मुक्काम करून राहिल्या. मार्चमध्ये दरमहा ५,००० रुपयांची वाढ मिळाली तेव्हा तो संपला.

येथे आमचे पुष्कळ सज्जन वाचक थांबतील. बाळंतपण काही संप संपण्याची वाट पाहात नाही. मग अशा कामात संप योग्य कसा? प्रश्न खरा आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. आमचे मत असे आहे. समोर अडलेल्या बाईचे देणे हे सरकारशी केलेल्या कराराहून निराळे आहे. ते मनुष्याने मनुष्यास द्यावयाचे आहे, आणि कोणत्याही भांडणात ते थांबवू नये. रजिस्टर थांबवावे, बैठका थांबवाव्या, पाहण्या थांबवाव्या; कळा देणारीस टाकू नये. परंतु हे म्हणून झाल्यावर दुसरेही म्हणावे लागते. ज्याने वचन दिले आणि पाळले नाही, त्याने आधी काम सोडले. आशाताईने दोन महिने घर टाकले ते सर्वांच्या डोळ्यांत भरले. वचन देणाऱ्याचे सोडलेले काम कोणास दिसले नाही, कारण ते कचेरीत होते.

सेवा कोणती आणि वेठ कोणती, याचा निर्णय आमच्या वाचकांस शिकविण्याची गरज नसावी. आमच्यापैकी कित्येकांच्या आजापणजांनी वतनाच्या नावाखाली गावाची वेठ वाहिली आहे. सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे, साहेबांचे ओझे पुढच्या गावास पोहोचविणे, हा तुमचा मान आहे, तुमचे वतन आहे, असेच त्यांस सांगत. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. आपखुशीने, आपल्या श्रमाचे मोल जाणून जे दिले जाते ती सेवा. आणि ज्यास मोलच नाही असे दुसऱ्याने ठरवून जे घेतले ती वेठ, मग तिला नाव कितीही गोड असो. काम तेच असते, भेद घेणाराच्या मनात असतो. म्हणून सेवाधर्माची भाषा सेवा करणाराच्या तोंडी शोभते. घेणाराच्या तोंडी ती आली की सावध व्हावे.

यावर कोणी जामखेडचा दाखला देईल, आणि तो द्यावयास योग्यच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात जामखेड येथे काम आरंभिले. खेड्यांत परिचारिका ठेवून पाहिल्या. त्यांचे तेथे बस्तान बसेना. तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या, पुष्कळशा निरक्षर व दलित, आणि त्यांस बाळंतपण, मुलांचे पोषण व साधी औषधे शिकविली. जी आधीच गावात राहते तिला गावात राहा म्हणून विनवावे लागत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी हेरली. त्या स्त्रियांस काही मोठा पगार नव्हता, मग आशाताईंनी का मागावा, असे कोणी म्हणेल. परंतु जामखेडास त्या स्त्रिया वरचेवर एकत्र येऊन शिकत; त्यांच्यामागे डॉक्टर प्रत्यक्ष उभे असत; पाठविलेली बाई दवाखान्यातून हाकलली जात नसे; आणि चरितार्थासाठी त्यांस लहानसहान धंद्यांची जोड मिळे. वरून आलेल्या हुकमांचे ओझे त्यांच्यावर नव्हते. आज आशाताईवर जी कामे आहेत त्यांची यादी काही तिने केलेली नाही. तिला जामखेडचा त्याग सांगावयाचा, तर आधी जामखेडचा आधार तिला द्यावा लागेल.

श्रीलंकेने दुसरा मार्ग धरिला. तेथे १९३० च्या सुमारास दर लाख जन्मांमागे दोन हजारांवर माता मरत. त्या सरकारने सुइणी शिकवून तयार केल्या, ठरावीक वस्ती नेमून दिली, आणि त्यांस पेन्शनसह कायमच्या नोकरीत घेतले. शतक संपण्याच्या पुष्कळ आधी तो आकडा शंभराच्या आत आला. देश काही धनवान नव्हता. सुईण ही गावाची उपकारकर्ती नव्हे, तर राज्याची नोकर होय, आणि म्हणून तिला रीतसर वेतन व रीतसर जाब दोन्ही लागू, असे त्याने ठरविले. जाब विचारण्याचा अधिकार हवा असेल तर वेतन देण्याचे कर्तव्य त्याबरोबर येते. आपल्याकडे मात्र वेतन स्वयंसेविकेचे आणि जाब नोकराचा, अशी तऱ्हा आहे.

पवित्र शास्त्रात मिसर देशातील शिप्रा व पुवा या सुइणींची कथा आहे. राजाची आज्ञा मोडून त्यांनी मुले वाचविली, याबद्दल उपदेशांत त्यांचे धैर्य पुष्कळ वाखाणले जाते. त्यांस पुढे घरदार लाभले असेही त्याच कथेत सांगितले आहे, त्यावर मात्र सहसा कोणी बोलत नाही. आमच्या उपदेशक बंधूंस यातील मर्म लवकर कळेल. मंडळीने स्तुती भरपूर केली आणि वर्षाची वर्गणी दिली नाही, म्हणजे घरी चूल कशी पेटते, हे त्यांस ठाऊक आहे.

मग गावाने करावे काय? वेतन वाढविणे गावाच्या हाती नाही, डॉक्टर नेमणे हाती नाही. खोलीचे छप्पर, दाराची कडी, नळ आणि दिवा हे मात्र आहे. सुरगाणा, पेठ व कळवण हे तालुके, आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक व बागलाण यांकडील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथील ग्रामपंचायतींस पेसा कायद्याखाली आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के थेट देण्याचे राज्याने २०१५ साली ठरविले, आणि आरोग्य हे त्या खर्चाच्या मान्य बाबींत आहे. खर्च कोठे करावा हे ग्रामसभेने ठरवावयाचे असते. पुढच्या ग्रामसभेस आपल्या मंडळीतील बायांनी जावे, नर्सबाईसही बरोबर न्यावे, आणि तिच्या खोलीचा विषय लेखी मांडून ठरावाच्या वहीत चढवून घ्यावा. त्याच सभेत रात्री बोलावणे आले तर तिच्या व आशाताईच्या सोबतीस कोणत्या घरची कोण बाई जाईल, त्यांची नावे पाड्यापाड्यांनी लिहून ठेवावी.